जुना खेळ आणि नवें रंगकाम



घरांतला मुलगा रात्रीं दहाच्या सुमारास अभ्यास बाजूला सारून संगणकापुढें बसला आहे, आणि क्रिकेटच्या एका जुन्या खेळांतील फलंदाजाच्या टोपीचा निळा रंग थोडा गडद करावा कीं फिका, या विवंचनेंत गढून गेला आहे, असें दृश्य दिसलें म्हणजे घरांतील वडील माणसाला राग यावा हें साहजिक आहे. 'खेळायचें तर खेळ, पण खेळाला रंग काय देत बसला आहेस?' असा प्रश्न त्यांच्या तोंडून निघतो. गिरगांव, दादर, परळ, लालबाग या आपल्या वस्तींतून गेल्या अठरा-एकोणीस वर्षांत हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला गेला आहे, आणि मुलांना त्याचें उत्तर नीटसें देतां आलेलें नाहीं. मी जन्मभर शाळामास्तर. मुलांना उत्तर सांपडत नसेल तर तें शोधून देणें हा माझा जुना धंदा, आणि सेवानिवृत्तीनंतरही तो सुटलेला नाहीं. म्हणून आजच्या भाषणाला मीं हा विषय घेतला आहे: जुन्या व्हिडिओ-गेमचें दृश्य रूप खेळणाऱ्या हौशी मंडळींनीं स्वतःच्या हातांनीं कसें सुधारलें, आणि त्यांत खरोखर कांहीं अर्थ आहे काय.

आपल्या तरुणांमध्यें या प्रकाराचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'क्रिकेट ०७' हा खेळ. 'ई. ए. स्पोर्ट्‌स' या नांवाखालीं तो नोव्हेंबर २००६ मध्यें बाजारांत आला. प्रत्यक्ष घडविला होता तो कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांतील 'एच. बी. स्टुडिओज' या संस्थेनें. ज्या देशांत बर्फावरच्या हॉकीचें वेड, त्या देशाच्या एका समुद्रकांठच्या कोपऱ्यांत बसून कोणी मुंबईच्या पोरांना क्रिकेट घडवून द्यावें, ही गंमतच म्हणावयाची! समालोचन रिची बेनॉ आणि मार्क निकोलस या दोघांच्या आवाजांत होतें. चेंडू टाकणें, टोलविणें, झेल घेणें या गोष्टी इतक्या ठाकठीक साधल्या होत्या, कीं त्यानंतर निघालेल्या कित्येक खेळांपेक्षां हाच बरा, असें म्हणणारे जाणकार आजही भेटतात.

परंतु या खेळाच्या नशिबीं एक विचित्र योग होता. त्या मोसमांत ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यामध्यें 'ॲशेस'ची मालिका होती, आणि त्या दोन संघांचे हक्क कंपनीनें रीतसर घेतले होते. आपल्या संघाचे घेतलेले नव्हते. त्यामुळें भारताच्या संघांत खरीं नांवें नव्हतीं, खरे चेहरे नव्हते, आणि अंगावरचा सदरा निळा असला तरी ओळखीचा नव्हता. दुसरें असें, कीं वीस षटकांचा सामना खेळण्याची सोय त्यांत होती खरी. पण भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय वीस षटकांचा सामना जोहान्सबर्गला झाला तोच मुळीं १ डिसेंबर २००६ रोजीं, म्हणजे खेळ दुकानांत पोंचतां पोंचतां. पुढें २००७ च्या सप्टेंबरांत वीस षटकांचा विश्वचषक झाला, २००८ च्या एप्रिलांत आय. पी. एल. सुरू झालें, रोहित शर्मा २००७ मध्यें भारताकडून खेळूं लागला, विराट कोहली २००८ मध्यें, जसप्रीत बुमराह २०१६ मध्यें. मैदानावरचें क्रिकेट असें वर्षागणिक कपडे बदलीत पुढें गेलें, आणि तबकडींतलें क्रिकेट २००६ च्या नोव्हेंबरांत जागच्या जागीं उभें राहिलें. कारण संगणकासाठीं त्या मालिकेंतला पुढचा खेळ ई. ए.नें काढलाच नाहीं.

एखाद्या नाटक कंपनीनें गांवांत तंबू ठोकावा, पहिला अंक झोकांत करावा, आणि कपडेपट, पडदे, पेटी सारें तेथेंच टाकून रातोरात निघून जावें, तशांतला हा प्रकार झाला. मागें राहिलेल्या प्रेक्षकांनीं काय करावें? आपल्या पोरांनीं कपडेपटाची पेटी उघडली.

हें काम एकट्या मुंबईचें नव्हे, हें आधींच सांगतों. भारतांतील अनेक शहरांतील, पाकिस्तानांतील, तसेंच इंग्लंड-ऑस्ट्रेलियांतील हौशी मंडळींनीं तें मिळून केलें. सीमेपलीकडच्या कोणा मुलानें रंगविलेला सदरा आपल्याकडचा मुलगा निमूटपणें आपल्या संघाला चढवीत होता. वर्तमानपत्रांत त्या वेळीं काय छापून येत होतें याची दोघांनाही फिकीर नव्हती. अशा दुरुस्त्यांना मुलें 'पॅच' म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. पॅच म्हणजे ठिगळच. फरक इतकाच, कीं आपल्या घरांतलें ठिगळ फाटलेल्या जागीं लागतें आणि हें ठिगळ लावून लावून शेवटीं मूळ कापड दिसेनासें होतें.

या कामाचें मर्म समजण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. आकाशकंदील केलेला असला म्हणजे पुरे. आपण प्रथम बांबूच्या कामट्या दोऱ्यानें बांधून सांगाडा करतों, आणि मग त्यावर खळीनें रंगीत कागद डकवितों. कंदिलाचा आकार ठरतो कामट्यांनीं, शोभा येते कागदानें. संगणकांतील फलंदाज हा असाच एक कंदील आहे. त्याचा सांगाडा लहान लहान त्रिकोणांचा असतो, आणि त्या त्रिकोणांवर एक सपाट चित्र गुंडाळलेलें असतें. या चित्राला इंग्रजींत 'टेक्श्चर' म्हणतात. आपण कापडाला वापरतों तोच शब्द घेऊन त्याला 'पोत' म्हणूं. दाढीचे खुंट, सदऱ्याच्या चुण्या, बॅटीवरची चिठ्ठी, हें सारें त्या कागदावर काढलेलें असतें. नाकसुद्धां सांगाड्यांत जेमतेम पुढें आलेलें असतें. उरलेलें नाक चित्रकारानें सावलीच्या दोन फटकाऱ्यांनीं भासविलेलें असतें.

आतां हा कागद म्हणजे तरी काय? ठिपक्यांची रांगोळी. २५६ उभ्या व २५६ आडव्या ओळींचा कागद घेतला, तर त्यांत ६५,५३६ ठिपके बसतात. १,०२४ ओळींचा घेतला तर १०,४८,५७६, म्हणजे बरोबर सोळापट. मग पहिल्यापासूनच मोठा कागद कां घेतला नाहीं, असें कोणी विचारील. कारण असें, कीं तोच खेळ सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन २' या यंत्रावरही चालवावयाचा होता. तें यंत्र २००० सालचें. चित्रें मांडण्यासाठीं त्यांत राखून ठेवलेली स्मृति अवघी ४ मेगाबाइटची. आजच्या फोननें काढलेलें एकच छायाचित्र पुष्कळदां तेवढी जागा खाऊन बसतें. दहा बाय बाराच्या खोलींत ज्यांनीं सात माणसांचा संसार केला आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको: अंथरूण आखूड, तर पाय पोटाशीं घेऊन निजावयाचें. खेळ करणाऱ्यांनीं गवताचा एक लहानसा चौकोन काढला आणि तोच फरशीसारखा मैदानभर मांडला. प्रेक्षक तर पुठ्ठ्याचे. ओळींत उभे केलेले सपाट कागद. त्या वेळच्या ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर, म्हणजे सुमारें तीन लाख ठिपक्यांत, हें सारें खपून गेलें. हल्लींच्या १,९२० बाय १,०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. तोच लहान कागद जवळजवळ सातपट मोठ्या पडद्यावर ताणला, म्हणजे तो पुसट आणि भुरकट दिसूं लागतो. मुलांना जुना खेळ 'खराब झाला' असें वाटतें तें यामुळें. खेळ आहे तसाच आहे. आरसा मोठा झाला.

तेव्हां पहिलें काम म्हणजे हे कागद बदलणें. पण ते ठेवले होते कोठें? या कंपनीच्या खेळांत अशीं चित्रें मोठमोठ्या पेटाऱ्यांत भरून ठेवण्याची पद्धत होती. अशा फाइलींच्या नांवाच्या शेवटीं 'बिग' असें अक्षर असे, आणि आंत चित्रांचीं पुडकीं 'एफ. एस. एच.' या जातीचीं. यांची किल्ली कंपनीनें कोणाला दिली नव्हती. मात्र तिच्या फुटबॉलच्या, मोटारींच्या शर्यतीच्या खेळांतही त्याच घाटाचीं कुलुपें होतीं, आणि तीं हौशी लोकांनीं आधींच खोललेलीं होतीं. मोटारींच्या खेळांतलीं हीं पुडकीं उघडण्याचें एक प्रसिद्ध अवजार १९९८ च्या सुमारास दनी ओरू या तरुण फ्रेंच माणसानें लिहिलें. हे गृहस्थ पुढें हार्वर्ड विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झाले. खेळाच्या पेट्या उघडीत बसणाऱ्या मुलाचें पुढें कसें होणार, या चिंतेंत असलेल्या आईबापांच्या माहितीसाठीं एवढा उल्लेख केला. उगीच फार आशा मात्र लावूं नये.

सगळ्याच कंपन्यांनीं कुलुपें लावलीं असें नाहीं. 'डूम' नांवाचा १९९३ चा अमेरिकन खेळ ज्यांनीं काढला त्यांनीं चित्रें व नकाशे मुद्दाम वेगळ्या फाइलींत ठेवले, कीं कोणालाही ते बदलतां यावेत. आणि १९९७ च्या डिसेंबरांत तर त्या खेळाची मूळ संहिताच जगाला खुली करून दिली. म्हणून त्या खेळाचें चित्र काढणारें यंत्रच लोकांनीं नव्यानें बांधलें. 'क्रिकेट ०७' च्या मुलांना ती मुभा मिळाली नाहीं. त्यांना घराच्या भिंती हलवितां येत नव्हत्या. फक्त रंग द्यावयाचा, फार तर एखादी खिडकी कोरावयाची.

आतां सदरा रंगविण्याची रीत पाहा. शिंप्यानें कापड बेतून टेबलावर पसरलें म्हणजे जसें दिसतें, तसा हा पोत दिसतो: एका बाजूस पाठ, एका बाजूस छाती, कोपऱ्यांत दोन बाह्या, कॉलरची पट्टी भलतीकडेच. यावर मुंबई इंडियन्सचा सदरा काढावयाचा, तर सोनेरी पट्टी छातीवरून काखेंत जाऊन पाठीवर बरोबर जुळली पाहिजे. सपाट कागदावर ती सरळ काढली तर अंगावर वांकडी बसते. म्हणून कागदावर मुद्दाम वांकडी काढावी लागते. जागा वांचविण्यासाठीं मूळ कारागिरांनीं पुष्कळदां उजव्या व डाव्या अंगाला एकच कागद आरशासारखा उलटवून वापरलेला असतो, आणि मग एका बाजूला सुबक दिसणारीं अक्षरें दुसऱ्या बाजूला उलटीं उमटतात. माझा एक जुना विद्यार्थी परळला राहतो. त्यानें केवळ एका पॅडच्या पट्ट्यांवर तीन रात्री घालविल्याचें मला ठाऊक आहे. हाच विद्यार्थी भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असे. घनाकृतीचा विकास, म्हणजे ठोकळा उलगडून त्याचें सपाट जाळें करणें, हा भाग मीं त्यांच्या वर्गाला दोनदां शिकविला होता. तो त्याला खऱ्या अर्थानें उमगला तो या सदऱ्यांमुळें.

सर्वांत अवघड काम मैदानांचें. त्यांत कागद तर आहेच, पण सांगाडाही आहे. आपलें वानखेडे घ्या. २०११ च्या विश्वचषकासाठीं तें जवळजवळ नव्यानें बांधलें गेलें. अंतिम सामना त्या वर्षीं २ एप्रिलला झाला. पांढऱ्या ताणलेल्या कापडासारखें दिसणारें, खांबांचा अडथळा न येऊं देणारें जें छप्पर आज आपण पाहतों, तें त्या वेळचें. २००६ सालच्या खेळांत २०११ सालचें छप्पर असणें शक्यच नव्हतें. तेव्हां हौशी मंडळींनीं तें घडविलें. दूरदर्शनवरील प्रक्षेपण मध्येंच थांबवून, छायाचित्रें जमवून, कोणता स्टँड किती मजल्यांचा आणि कोणत्या बाजूस किती वळतो, याचा अंदाज करीत त्यांनीं कामट्या बांधल्या. खेळपट्टीची माती तांबडी ठेवावयाची हें मुंबईच्या पोरांना कोणी सांगावें लागलें नाहीं. पण दुसऱ्या गांवच्या कोणी भुऱ्या मातीचें वानखेडे केलें, तर त्यावर येथल्या मुलांनीं जो गिल्ला केला असता, तो ऐकून क्यूरेटरलाही धन्यता वाटली असती!

रंगकामाची आणखी एक तऱ्हा आहे. ती मी थोडक्यांत आटोपतों, कारण ती मला फारशी आवडत नाहीं. खेळ आणि पडदा यांच्यामध्यें एक दुभाषा बसवितात. खेळ म्हणतो 'गवत हिरवें', दुभाषा पडद्याला सांगतो 'गवत हिरवेंगार, वर ऊन, चेंडूवर चकाकी, कडेला धुकें'. मूळ कागदाला हात न लावतां सारें चित्र उजळतें. नेमस्तपणें वापरलें तर ठीक. पण नवशिक्यांच्या हातीं गेलें म्हणजे गवत तेल ओतल्यासारखें चमकतें, आणि फलंदाजाचा चेहरा हळदीच्या कार्यक्रमांतून उठून आल्यासारखा पिवळा दिसतो.

२०१८ पासून या उद्योगांत एक नवा कारागीर आला. लहान चित्र दिलें असतां त्याचें मोठें, रेखीव चित्र करून देणारी 'ई. एस. आर. गॅन' नांवाची संगणकी रीत त्या वर्षीं प्रसिद्ध झाली. हजारों चित्रांच्या लहान-मोठ्या जोड्या दाखवून संगणकाला शिकवावयाचें. मग त्यानें न पाहिलेलें लहान चित्र पुढें टाकलें, कीं 'याचें मोठें रूप बहुधा असें असावें' असा तो तर्क करतो. तर्क हा शब्द येथें महत्त्वाचा. पुसट झालेल्या शिलालेखांतलीं अक्षरें पंडितानें भरून काढावीं, तसा हा प्रकार आहे. पंडित विद्वान असेल तर अक्षरें पटतात, पण तीं दगडावरचीं नव्हेत, त्याच्या डोक्यांतलीं असतात. गवत, माती, विटांची भिंत यांना असा तर्क चालतो. एक विटेचा कण इकडचा तिकडे झाला तर कोणाचें बिघडत नाहीं. चेहरा आणि अक्षर येथें मात्र तो फसतो. याचा मोठा पुरावा हौशी लोकांनीं दिला नाहीं, खुद्द धंदेवाईक कंपनीनें दिला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेंतील तीन जुन्या खेळांची सुधारलेली आवृत्ति नोव्हेंबर २०२१ मध्यें कंपनीनें स्वतः काढली. तींत यंत्राकडून मोठीं करून घेतलेल्या दुकानांच्या पाट्यांवरचीं कित्येक नांवें चुकीच्या स्पेलिंगनिशीं उमटलेलीं लोकांनीं दाखवून दिलीं, आणि इतर दोषांसह एकूण प्रकरण इतकें वाढलें, कीं कंपनीला आठवडाभरांत जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच खेळांवर वर्षानुवर्षें खपलेल्या हौशी कारागिरांचीं कामें त्याच वर्षीं कंपनीच्या वकिलांनीं काढून टाकावयास लाविलीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे लोकांच्या रागाचें आश्चर्य वाटत नाहीं.

याच्या उलट दुसरें टोंक पाहा. 'रेसिडेंट ईव्हिल ४' हा २००५ सालचा एक जपानी भयखेळ. त्याच्या संगणकावरील आवृत्तीचे कागद बदलण्याचें काम दोन हौशी गृहस्थांनीं २०१४ मध्यें हातीं घेतलें आणि आठ वर्षांनीं, २०२२ च्या फेब्रुवारींत, पुरें केलें. त्यांनीं तर्कावर भिस्त ठेवली नाहीं. मूळ चित्रकारानें एखाद्या दाराचें किंवा दगडी भिंतीचें चित्र कोणत्या छायाचित्रावरून घेतलें असेल, याचा शोध त्यांनीं केला, आणि शक्य तेथें ती खरी भिंत, तें खरें दार गांठून त्याचें नवें छायाचित्र घेतलें. कमाल अशी, कीं ज्युडी ज्युरासेक नांवाच्या एका अमेरिकन बाईंनीं १९९६ मध्यें दगड, लांकूड, कांच वगैरेंच्या छायाचित्रांचें 'सर्फेसेस' हें पुस्तक काढलें होतें. त्यांतलीं चित्रें विनापरवाना या खेळांत वापरलीं, असा दावा त्यांनीं २०२१ मध्यें मूळ कंपनीवरच लावला. पुढें तो आपसांत मिटला. म्हणजे ज्या चित्राला हौशी माणसानें हात लावूं नये असें म्हणावयाचें, तें चित्र मुळांत कोणाचें, हाच प्रश्न कधीं कधीं उभा राहतो.

हें सगळें परदेशीं वाटत असेल, तर आपल्या आजींच्या देवघराकडे वळूं. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरू झाला, आणि लक्ष्मी-सरस्वतींचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. ज्याला तैलचित्र परवडत नव्हतें त्याच्या भिंतीवर छापील देवी आली. पण ती आली तशीच राहिली नाहीं. घरोघरच्या बायकांनीं तिच्या पातळाला खरी जर लाविली, पदराला टिकल्या शिवल्या, गळ्यांत बारीक मण्यांचे सर बसविले, आणि मग तिला कांचेच्या चौकटींत ठेवलें. अशीं सजविलेलीं चित्रें आज संग्रहालयांतून आणि संग्राहकांकडे जपून ठेवलेलीं आहेत. छापखान्याच्या हजारों सारख्या प्रतींतून ही एक प्रत 'आमची' झाली ती या टिकल्यांमुळें. रविवर्म्यांनीं काढलेला हात तसाच, मुद्रा तशीच. नुसतें वस्त्र नवें. क्रिकेटच्या फलंदाजाला नवा सदरा शिवणारा मुलगा त्या आजीचाच नातू आहे, असें मला वाटतें; आणि आजीला कोणी 'देवी पूजायची तर पूज, शिवत काय बसलीस?' असें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

तथापि एका बाबतींत आजीची गोष्ट सोपी होती. तिनें एक प्रत सजविली. बाकीच्या प्रती जगांत जशाच्या तशा राहिल्या. संगणकांतला पॅच लावला म्हणजे जुनी फाइल पुसून तिच्या जागीं नवी बसते. हजार मुलांनीं पॅच लावला, तर हजार ठिकाणची मूळ फाइल गेली. तबकड्यांवर ओरखडे पडतात, त्या टाकून दिल्या जातात. आणि नव्या संगणकांत तर तबकडी घालावयाची फटच नसते. मग मूळ खेळ दिसत कसा होता, हें वीस वर्षांनीं कोणी पाहूं म्हणेल तर दाखविणार काय?

ही भीति कल्पनेंतली नव्हे. आपल्याच शहरांत तिचा दाखला आहे. दादासाहेब फाळके यांनीं दादरला घडविलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लोकांसमोर आला. तोच चित्रपट त्यांनीं १९१७ मध्यें पुन्हां काढला. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत त्याचा जो भाग शिल्लक आहे, तो १९१३ चा नसून १९१७ चा असावा, असें चित्रपटाच्या इतिहासाचे कांहीं अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ज्याला पहिला म्हणून नमस्कार करतों तो दुसरा असण्याचा पुष्कळ संभव आहे. स्वतः कर्त्यानें काढलेल्या नव्या आवृत्तीची ही कथा. मग दहा हातांनीं रंगविलेल्या खेळाची काय होईल? म्हणून मुलांना मी एकच हट्टानें सांगतों, आणि त्यांतले शहाणे तें माझ्या आधींपासून करीत होते: पॅच लावण्यापूर्वीं मूळ फाइलींची एक प्रत वेगळी काढून, तारीख घालून ठेवावी, आणि ती कधीं उघडूं नये.

आतां कायद्याचें. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत अशी एक सवलत आहे, कीं कायदेशीरपणें मिळविलेल्या प्रतीवरून, केवळ स्वतःच्या बिनव्यापारी उपयोगासाठीं, संगणक-प्रणालीची नक्कल किंवा तिचें रूपांतर करणें हा हक्काचा भंग होत नाहीं. यांतला प्रत्येक शब्द तोलून वाचला पाहिजे. लॅमिंग्टन रोडच्या आसपास पदपथावर पूर्वीं स्वस्तांत मिळणारी नकली तबकडी 'कायदेशीरपणें मिळविलेली' होत नाहीं, हें सांगावयास वकील नको. आणि आपल्या शहरांत पुष्कळांचा खेळ त्या तबकडीवरच सुरू झाला, हेंही झांकण्यांत अर्थ नाहीं. शिवाय सवलत स्वतःच्या उपयोगापुरती. केलेलें काम चारचौघांना वाटणें ही निराळी गोष्ट. कंपन्या बहुधा काणाडोळा करतात, कारण या वेड्या मंडळींमुळें त्यांचें नांव जिवंत राहतें. काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. माझ्या मतें जो पॅच फक्त स्वतः काढलेलें चित्र देतो, मूळ खेळ ज्याचा त्यानें आणावा असें सांगतो, आणि पैसे मागत नाहीं, तो सभ्य. संपूर्ण खेळच आंत कोंबून वर स्वतःच्या नांवाची मोठी पाटी लावणारे, दुसऱ्याचा सदरा चोरून तो आपणच शिवला म्हणून मिरविणारे, यांची बाजू मी घेणार नाहीं. गंमत अशी, कीं नक्कल केलेल्या तबकडीवर खेळणारीं मुलेंसुद्धां आपला रंगविलेला हेल्मेट कोणी नांव न घेतां उचलला, तर अगदीं हायकोर्टांत जाण्याच्या गोष्टी करतात.

खेळ करणाऱ्यांपैकीं कांहींनीं यावरून धडा घेतला. ऑस्ट्रेलियांतील 'बिग अँट' या संस्थेनें २०१४ सालीं 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' काढला, तेव्हां खेळाडूंचे चेहरे, कपडे, नांवें बनविण्याचीं अवजारें खेळाबरोबरच दिलीं आणि बनविलेलें एकमेकांना देण्याची सोयही केली. हक्क विकत न घेतां खरे संघ खेळांत आणवावयाचे, तेही गिऱ्हाइकाच्या हातून, ही व्यापारी चतुराई त्यांत होती, हें उघड आहे. पण कपडेपटाची किल्ली प्रेक्षकांच्या हातीं राजीखुषीनें आली, ती अशी.

परळचा तो जो विद्यार्थी मीं सांगितला, तो आतां पस्तिशीचा आहे, नोकरी करतो, आणि रात्रीं अजून याच कामांत असतो. मात्र त्याची दिशा उलटी झाली आहे. नवें वानखेडे पुष्कळांनीं केलें. तो जुनें करतो आहे. १९७५ च्या जानेवारींत जेथें पहिला कसोटी सामना झाला आणि क्लाइव्ह लॉइडनें नाबाद २४२ धावा काढल्या, आणि जें पुढें पस्तीस वर्षें तसेंच काँक्रीटचें, उघडें, उन्हानें तापणारें राहिलें, तें मैदान त्याला त्या खेळांत उभें करावयाचें आहे. त्यासाठीं तो ओळखीपाळखीच्या घरांतले जुने अल्बम मागून पाहतो. काका-मामांच्या फोटोंत मागें दिसणारा जिना, कठडा, फलकाची चौकट मोजतो. खेळाडूंची छायाचित्रें हवीं तितकीं मिळतात. प्रेक्षक जेथें बसत त्या जागेचीं फार थोडीं. गरवारे पॅव्हेलियनची बाजू त्याची पुरी झाली आहे. पूर्वेकडील बाजू, मागून जाणाऱ्या लोकल गाड्यांसह, अर्धीअधिक झाली आहे. नॉर्थ स्टँडचीं, वरच्या पायऱ्यांवरून मैदानाकडे पाहून घेतलेलीं १९९० पूर्वींचीं छायाचित्रें मात्र त्याला अद्याप हवीं आहेत.